बर्निंग म्हणजे हमाली नव्हे

मायक्रोकंट्रोलरच्या लॅबमध्ये कामाची वाटणी कुणी न सांगताच झालेली असते. सोलापूरचं पॉलिटेक्निक घ्या नाहीतर पुण्याचं नावाजलेलं कॉलेज, चित्र फारसं बदलत नाही. प्रोग्रॅम लिहिणं हे डोक्याचं काम, ते गटातला हुशार मुलगा किंवा मुलगी करते. ब्रेडबोर्डवर वायरी जोडणं हे हाताचं काम, ते दुसरं कुणी करतं. तयार झालेली हेक्स फाइल चिपमध्ये टाकणं, म्हणजे मुलांच्या भाषेत कोड 'बर्न' किंवा 'डंप' करणं, हे मात्र कुणाचंच काम नसतं. बटण दाबलं की झालं. नाही झालं तर लॅब असिस्टंटना हाक मारायची. जर्नलमध्ये या पायरीच्या वाट्याला एक ओळ येते, आणि ओरलला एक्स्टर्नल त्यावर क्वचितच काही विचारतात.

या वाटणीच्या मुळाशी एक मत आहे. ते इतकं अंगवळणी पडलंय की कुणाला ते मांडायचीही गरज वाटत नाही. ते असं: ज्ञान असतं ते चिपमध्ये आणि भाषेत, या दोहोंमधली छोटी सॉफ्टवेअर साधनं, म्हणजे प्रोग्रॅमर, बूटलोडर, हेक्सची हाताळणी, सिरियल मॉनिटर, कार्डावर इमेज लिहिणारी युटिलिटी, ही नुसती हमाली. माल इथून उचलायचा आणि तिथे टाकायचा. हे मत चुकीचं आहे, आणि सोलापूरसारख्या कारखानदारीच्या गावाला तर ते महागात पडणारं आहे, असं माझं म्हणणं आहे.

खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा. त्यात दोन संप्रदाय आहेत. एरवी त्यांचं एकमेकांशी पटत नाही.

पहिला संप्रदाय जुन्या प्राध्यापकांचा. त्यांनी ८०८५च्या किटवर बोटं झिजवली. ऑपकोडचा तक्ता शेजारी ठेवून एकेक बाइट कीपॅडवरून भरायची, पत्ता तपासायचा, 'गो' दाबायचं आणि सात खंडांच्या डिस्प्लेवर उत्तर उमटायची वाट बघायची. त्यांचं म्हणणं असं की आर्डुइनोच्या अपलोड बटणाने पोरं बिघडली. एलईडी लुकलुकतो, पण तो कुठल्या पोर्टच्या कुठल्या बिटाने लुकलुकतो ते सांगता येत नाही. यात तथ्य नाही असं कोण म्हणेल? अशी मुलं दरवर्षी दिसतात.

दुसरा संप्रदाय नव्यांचा. ते म्हणतात, साधनं दर चार वर्षांनी बदलतात, ती शिकण्यात वेळ कशाला घालवायचा? पॅरलल पोर्टवर चालणारे प्रोग्रॅमर ज्यांनी घोकले, त्यांच्या लॅपटॉपवरून तो पोर्टच गेला. फिलिप्सच्या पी८९व्ही५१आरडी२ या चिपसाठी फ्लॅश मॅजिकच्या पायऱ्या ज्यांनी पाठ केल्या, त्यांना आज ईएसपी३२च्या बोर्डासमोर त्या पायऱ्यांचा उपयोग नाही. आता तर कोडही एआय लिहून देतं. मग संकल्पना तेवढी शिका, बाकीचं बटण बघून घेईल.

एक संप्रदाय म्हणतो साधनाने बिघडवलं, दुसरा म्हणतो साधनाची फिकीर नको. पण दोघांचं गृहीतक एकच: साधनात स्वतःचं असं ज्ञान नाही. खंडन करायचं ते या गृहीतकाचं.

आधी जुन्यांकडे वळू. किटवर 'साधनाविना' शिकलो, हा त्यांचा अभिमान वस्तुस्थितीला धरून नाही. कीपॅडवरची कळ दाबली की ती कुठली हे ओळखायचं, दोन कळांचा मिळून एक बाइट करायचा, तो ठरलेल्या पत्त्यावर ठेवायचा, डिस्प्ले बदलायचा, 'गो' म्हटल्यावर प्रोसेसरला योग्य जागी सोडायचं, हे सगळं ८०८५ आपण होऊन करत नव्हता. किटवरच्या ईप्रॉममध्ये कुणीतरी लिहून ठेवलेला मॉनिटर प्रोग्रॅम ते करत होता. म्हणजे किट ही साधनं नसलेली पाटी नव्हतीच. एका अत्यंत नेटक्या युटिलिटीवर उभा असलेला तो एका बोर्डावरचा संगणक होता. १९७६ साली आलेल्या केआयएम-१ या एकपाटी संगणकाचीही हीच गोष्ट: कीपॅड, डिस्प्ले आणि त्यांना जिवंत करणारा रॉममधला मॉनिटर. त्याच साली स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी ॲपल-१ साठी लिहिलेला मॉनिटर तर अवघ्या २५६ बाइटांत बसला. मेमरी दाखवणं, बदलणं आणि प्रोग्रॅम चालू करणं एवढ्या जागेत बसवणं ही हमाली म्हणायची, तर कारागिरी कशाला म्हणायचं? किटवर जे खरोखर काही शिकले, ते त्या मॉनिटरची लिस्टिंग वाचून शिकले. ज्यांनी नुसती बटणं दाबली, ते आजच्या अपलोडवाल्यांइतकेच कोरडे राहिले. तेव्हा दोष बटणाचा नाही. बटणामागे काय चाललंय ते न विचारण्याची सवय तेव्हाही होती.

आता ती हेक्स फाइल जरा जवळून बघू. नोटपॅडमध्ये उघडली तर ८०५१च्या एखाद्या प्रोग्रॅमची पहिली ओळ अशी दिसू शकते: कोलन, मग ०३, मग ००००, मग ००, मग ०२ ०० ८३ आणि शेवटी ७८. ०३ म्हणजे या ओळीत कामाचे तीन बाइट आहेत. ०००० हा पत्ता, म्हणजे चिप जागी झाल्यावर जिथून वाचायला सुरुवात करते ती जागा. पुढचे ०० सांगतात की ही साधी माहितीची ओळ आहे. मग खरा माल येतो: ०२ ही ८०५१ची लांब उडी मारण्याची आज्ञा आणि ००८३ हा उडीचा मुक्काम. सुरुवातीलाच उडी कशासाठी, तर ०००३पासून पुढे इंटरप्टच्या जागा राखलेल्या असतात, मुख्य प्रोग्रॅमने तिथे पाय पसरायचे नसतात. शेवटचा ७८ हा पडताळा. सोळाच्या पायात बेरीज करा: ०३, ०२ आणि ८३ मिळून ८८; त्यात ७८ मिळवले की बरोबर १००, म्हणजे शेवटचे दोन अंक शून्य. एका बिटाची चूक झाली तरी हा हिशोब मोडतो आणि ओळ नापास होते.

एका ओळीत पत्त्याची कल्पना आली, चिप सुरू होण्याची रीत आली, इंटरप्टची मांडणी आली, आज्ञेचा सांकेतिक आकडा आला आणि चूक पकडण्याचं गणितही आलं. अभ्यासक्रमातली तीन-चार प्रकरणं त्या ओळीत दाटीवाटीने बसली आहेत. तरीही चार-चार वर्षं शिकून ही फाइल एकदाही न उघडलेले पदवीधर आपण बाहेर पाठवतो.

दुसरं, ते अपलोडचं बटण. जुन्या संप्रदायाला ते पोकळ वाटतं, नव्याला ते पुरेसं वाटतं. दोघांनीही ते उघडून पाहिलेलं नसतं. आर्डुइनो उनोवर ते दाबलं की आधी कंपायलर आणि लिंकर आपलं काम करतात, मग हेक्स फाइल तयार होते, आणि नंतर एव्हीआरड्यूड नावाची युटिलिटी पुढे होते. यूएसबीच्या पलीकडची डीटीआर ही रेघ खाली येते. ०.१ मायक्रोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून तो झटका रीसेट पिनेला बसतो. चिप जागी होते आणि तिच्यातला ५१२ बाइटांचा बूटलोडर थोडा वेळ कान देऊन बसतो. त्या वेळात संगणकाकडून ठरलेली हाक आली तर संवाद सुरू होतो, नाहीतर तो आधीचा प्रोग्रॅम चालू करून मोकळा होतो. संवादात चिपची तीन बाइटांची सही विचारली जाते, १२८ बाइटांचं एकेक पान लिहिलं जातं, आणि लिहिलेलं परत वाचून ताडून पाहिलं जातं.

हे कळण्याचा उपयोग काय? 'नॉट इन सिंक' ही चूक पाहिलेल्या प्रत्येकाला उपयोग ठाऊक आहे. अर्धी लॅब तिच्यापुढे हात टेकते. कुणी केबल बदलतं, कुणी बोर्ड बदलतं, कुणी संगणक बंद करून चालू करतं. ज्याला वरचा क्रम माहीत आहे तो चार प्रश्नांत मूळ शोधतो: पोर्ट बरोबर आहे का? रीसेटचा झटका पोचतोय का? बूटलोडर आहे का? आणि दोघं एकाच वेगाने बोलताहेत का? नॅनोच्या जुन्या बूटलोडरचा वेग ५७,६०० आणि नव्याचा १,१५,२००. मेन्यूत 'ओल्ड बूटलोडर' निवडायचं राहिलं तर चांगला बोर्ड मेला म्हणून टोपलीत जातो. सही जुळली नाही अशी तक्रार आली, तर बोर्डावर एटीमेगा३२८पी ऐवजी एटीमेगा३२८ बसलाय का ते बघायचं. ही पद्धतशीर रोगनिदानाची रीत आहे. इंजिनिअरकडून आपली अपेक्षा याचीच असते ना?

तिसरं, या साधनांना निव्वळ वाहक समजणं भाबडेपणाचं आहे. त्यांच्यात निर्णय दडलेले असतात, कधी कधी सत्ताही. ऑक्टोबर २०१४मध्ये एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून लोकांच्या संगणकांवर आला. कंपनीच्या यूएसबी-सिरियल चिपची नक्कल सापडली की तो तिचा ओळख क्रमांक शून्य करून टाकायचा. आपल्या केबलमध्ये नकली चिप आहे याची कल्पनाही नसलेल्यांचे बोर्ड एका रात्रीत संगणकाला ओळखू येईनासे झाले. आरडाओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. ज्यांना दुसऱ्या युटिलिटीने ओळख क्रमांक परत लिहिता आला, त्यांची केबल वाचली. बाकीच्यांनी ती फेकली. रास्पबेरी पायचं उदाहरण चांगल्या बाजूचं. २०१२मध्ये आलेल्या या संगणकावर वर्षानुवर्षं सगळ्यांचं वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड एकच असे. २०२२च्या एप्रिलमध्ये ते नाव काढून टाकलं गेलं, आणि स्वतःचं नाव-पासवर्ड ठरवण्याची सोय कार्ड लिहिणाऱ्या इमेजर या युटिलिटीतही आली. म्हणजे सुरक्षेचा एक निर्णय तुम्ही बोर्डाला वीज देण्याआधीच, 'हमाली'च्या पायरीवर घेता. आपल्या लॅबमधलं उदाहरण हवं तर केइलची मोफत आवृत्ती घ्या. ती ८०५१साठी दोन किलोबाइटपुढचा कोड बांधत नाही. ८ किलोबाइटांची एटी८९एस५२ हातात असूनही विद्यार्थी पाव चिप वापरतो, आणि ती मर्यादा चिपचीच आहे असं समजतो. एसडीसीसी हा संदीप दत्ता यांनी सुरू केलेला मुक्त कंपायलर अशी मर्यादा घालत नाही. साधन निवडण्यातही ज्ञान लागतं, ते असं.

आता 'साधनं बदलतात' या नव्यांच्या मुख्य मुद्द्याकडे. ऐकायला तो बिनतोड वाटतो. तपासला की उलटा निघतो. बदलली ती खिडक्यांची आणि बटणांची रचना. आतली रीत विलक्षण चिवट आहे. इंटेलचा हेक्स नमुना कागदी फितीच्या काळातला, सत्तरच्या दशकातला, तो आजही रोज वापरात आहे. आर्डुइनोचा बूटलोडर ज्या प्रोटोकॉलने बोलतो, तो ॲटमेलच्या एसटीके५०० या जुन्या स्टार्टर किटचा. चिप तपासण्याचं जेटॅग हे प्रमाण १९९०चं, अजून ठणठणीत. या दरम्यान चिपा मात्र धडाधड म्हाताऱ्या झाल्या. ८०८५ संग्रहालयात गेला, एटी८९सी५१चं उत्पादन थांबलं. म्हणजे जे टिकाऊ म्हणून शिकवलं ते विझलं आणि जे क्षणभंगुर म्हणून टाळलं ते टिकलं. फ्लॅश मॅजिकच्या पायऱ्या पाठ करणारा फसला हे खरं. पण तो साधन शिकल्यामुळे फसला नाही, साधनाच्या फक्त खिडक्या शिकल्यामुळे फसला.

एआयचा मुद्दाही याच वाटेने जातो. कोड लिहून मिळायला लागला तर कोड स्वस्त होईल आणि महाग होईल ती खात्री. हा कोड या चिपमध्ये, या फ्यूज बिटांसह, या घड्याळावर खरंच चालतो का, हे शेवटी परत वाचून, ताडून आणि सिरियल मॉनिटरवर डोळे लावूनच ठरतं. एव्हीआरचा रीसेट पिन बंद करणारा फ्यूज चुकून लिहिला गेला तर साध्या प्रोग्रॅमरने ती चिप पुन्हा उघडत नाही, त्याला जास्त व्होल्टेजचा प्रोग्रॅमर लागतो. तिथे सफाईदार वाक्यं कामाला येत नाहीत.

खंडन इथवर. मंडनासाठी सोलापूरला दूर जायची गरज नाही. इथे जकार्डचं नाव निघालं की संगणकाचा पूर्वज म्हणून कौतुक होतं: १८०४, ल्यों शहर, जोसेफ मारी जकार्ड, छिद्रांची कार्डं. पण त्या कौतुकात आपल्या कामाचा माणूस राहूनच जातो. चादरीची नक्षी काढणारा चौकटीच्या कागदावर रंग भरतो, विणकर मागावर बसतो, आणि या दोघांच्या मध्ये कार्डं पाडणारा असतो. कागदावरची एक ओळ म्हणजे एक आडवा धागा, एक आडवा धागा म्हणजे एक कार्ड. छिद्र असेल तिथे हूक उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. नक्षी कितीही देखणी असो, एक छिद्र चुकलं की ती चूक नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात, प्रत्येक चादरीवर उमटते. त्या माणसाला नक्षीही कळावी लागते आणि मागही. १९८३ साली मिलानच्या प्रदर्शनात बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जकार्ड आणला. हळूहळू कार्डांची जागा फाइलने घेतली, पण मधली पायरी गेली नाही. कुठल्या रंगाला कुठली वीण, किनारीला कुठले हूक, हे ठरवणारं सॉफ्टवेअर आता तिथे बसलंय. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर या मधल्या पायरीवर उभी आहे, आणि धंद्यातलं कुणी तिला हमाली म्हणणार नाही. मग त्याच गावच्या लॅबमध्ये तिला हमाली का ठरवायचं?

शिवाय ही पायरी आपल्या आवाक्यातली आहे. चिप बनवायला कोट्यवधींचा कारखाना लागतो. तिची साधनं मात्र वारंवार एकेकट्या माणसांनी घडवली आहेत. एव्हीआरड्यूडची सुरुवात ब्रायन डीन यांनी स्वतःच्या वापरासाठी केली, २००३मध्ये ती सार्वजनिक प्रकल्प झाली. ईएसपी चिपांचं एस्पटूल फ्रेड्रिक आल्बर्ग यांनी सुरू केलं, नंतर ते कंपनीने आपलंसं केलं. ओपनओसीडी हा डोमिनिक राट या विद्यार्थ्याचा जर्मनीतल्या आउग्सबुर्गमधला डिप्लोमाचा प्रबंध. आर्डुइनोची मुळं हेर्नांदो बारागान यांच्या २००३च्या 'वायरिंग' या पदव्युत्तर प्रकल्पात आहेत. म्हणजे आपण ज्याला फायनल इयर प्रोजेक्ट म्हणतो, त्यातूनच ही साधनं निघाली. आपल्याकडच्या संस्थांनाही हे उमगलेलं दिसतं. सी-डॅकने वेगा मालिकेचे स्वदेशी प्रोसेसर घडवले, त्यावर एरीस बोर्ड आणले, आणि ते आर्डुइनोच्याच सॉफ्टवेअरमधून प्रोग्रॅम करता येतील अशी सोय केली. नुसती चिप दिली असती तर ती प्रदर्शनात राहिली असती. अपलोडची वाट दिली म्हणून ती विद्यार्थ्याच्या टेबलावर आली.

आता धंद्याचं. एखाद्या सोलापुरी कारखान्यासाठी कुणी धागा तुटला की माग थांबवणारा किंवा विणीचे धागे मोजणारा छोटा बोर्ड करून देतं. दोन-तीन वर्षांनी चिप जळते. करून देणारा नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो. हेक्स फाइल कुणाकडे आहे? फ्यूजच्या किमती कुठे लिहिल्यात? लॉक बिट लावला असेल तर चिपमधून प्रोग्रॅम वाचताही येत नाही, आणि दुसऱ्याच्या बोर्डाच्या बाबतीत ते योग्यच आहे. चोरून वाचण्याची वकिली मी करत नाही. पण स्वतःच पैसे मोजून करून घेतलेल्या बोर्डाची ही दैना होऊ नये, यासाठी मधली पायरी जाणणारा माणूस लागतो.

म्हणून सुचवायचं ते मोजकं, आणि त्यातलं बहुतेक फुकट आहे. आर्डुइनोच्या प्रेफरन्सेसमध्ये अपलोडच्या वेळचा सविस्तर तपशील दाखवण्याची खूण आहे. ती लॅबच्या प्रत्येक संगणकावर कायम लावून ठेवावी, म्हणजे एव्हीआरड्यूड काय करतंय ते डोळ्यांसमोर राहील. पहिलं प्रॅक्टिकल हेक्स फाइलची एक ओळ हाताने सोडवण्याचं आणि पडताळा तपासणारा छोटा प्रोग्रॅम लिहिण्याचं असावं. सत्रात एकदा बूटलोडर मुद्दाम पुसावा आणि दुसऱ्या आर्डुइनोला प्रोग्रॅमर करून तो परत बसवावा. त्यासाठीचा 'आर्डुइनो आयएसपी' हा प्रोग्रॅम सॉफ्टवेअरसोबतच येतो. प्रोजेक्ट जमा करताना सोर्स, हेक्स, फ्यूजच्या किमती, साधनाचं नाव आणि आवृत्ती हे सगळं एकत्र द्यायची सक्ती असावी. आणि एक्स्टर्नलनी प्रोजेक्टमधली एक ओळ बदलायला सांगून तो आपल्यासमोर पुन्हा चिपमध्ये टाकायला लावावा. अभ्यासक्रमात एकही तास वाढवावा लागत नाही. बाजारातून आयता आणलेला प्रोजेक्ट पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो, आणि ज्याने मधली पायरी स्वतः ओलांडली आहे त्याचे गुण त्यालाच मिळतात.